गणिताच्या घरी एक दिवस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते या शाळेत गणित शिकवीत, आणि माझेही उभे आयुष्य येथल्या बडोद्याच्या विद्यापीठात गणित शिकविण्यातच गेले. त्यामुळे विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. आमच्या विभागात वर्षातला एक दिवस शहरातील शाळांच्या नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी राखून ठेवण्याचा परिपाठ आम्ही पुष्कळ वर्षे चालविला. सकाळी दहाला मुले यायची आणि चारला परतायची. त्या सहा तासांत त्यांना काय दाखवावे, काय दाखवू नये आणि ते का, एवढेच मी आज सांगणार आहे. व्याख्यान छापताना फळ्यावरच्या आकृत्या गाळाव्या लागल्या आहेत. वाचकांनी कागद-पेन्सिल हाताशी ठेवली तर त्या त्यांच्या त्यांना काढता येतील, आणि ते अधिक चांगले.

असा दिवस हवा तरी कशाला, असे मला अनेकांनी विचारले आहे. शाळेत गणित आहेच, वर शिकवणी आहे, घरी आईवडिलांची काळजी आहे. यात विद्यापीठाने भर ती काय घालायची? माझे उत्तर असे की, शाळेत मुले दहा वर्षे गणिताची उत्तरे काढतात. पण गणित नावाचा व्यवहार माणसे करतात कसा, हे त्यांच्या दृष्टीस पडत नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते, ते पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते, आणि ते आपल्याआधी कुणाला तरी ठाऊक असते, अशी त्यांची समजूत होऊन बसते. याच समजुतीवर चौदाव्या-पंधराव्या वर्षी मोठे निर्णय होतात. केंद्रीय मंडळाने २०२० च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताची ‘बेसिक’ आणि ‘स्टॅण्डर्ड’ अशी दोन रूपे केली, त्यामुळे निवडीची वेळ आणखी अलीकडे आली. पुढे अकरावीला शाखा निवडताना कितीतरी मुले, आणि मुलांहून अधिक मुली, गणिताशी असलेला संबंध तोडून टाकतात. तोडायलाही माझी हरकत नाही. सर्वांनी गणिती व्हावे असे मी कधीच म्हटलेले नाही. परंतु ज्याच्याशी आपण संबंध तोडतो आहोत ते एकदा तरी पाहिलेले असावे, इतकेच माझे मागणे आहे.

ही कल्पना नवी नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळातील व्याख्याने १८२५ साली सुरू झाली. विज्ञानाच्या नाना शाखा तेथे येऊन गेल्या, पण गणिताची पाळी यायला १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी क्रिस्टोफर झीमन यांनी ती व्याख्याने दिली आणि त्यांतूनच १९८१ मध्ये शाळकरी मुलांचे गणिताचे वर्ग सुरू झाले. हंगेरीत तर १८९४ पासून माध्यमिक शाळांतील मुलांसाठी गणिताचे स्वतंत्र मासिक निघत आले आहे. आपल्याकडे पुण्यात प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. अभ्यंकरांचा जन्म उज्जैनचा आणि बालपण ग्वाल्हेरचे. त्यांचे वडील तेथे गणिताचे प्राध्यापक होते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत गणित कसे रुजले होते, याचे हे एक ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

आता काय दाखवू नये ते आधी सांगतो. गणिताची जादू दाखवू नये. ‘मनात एक संख्या धरा’ या प्रकाराने मुले टाळ्या वाजवतात, शिक्षक खूष होतात, आणि घरी जाताना मुलांच्या डोक्यात काहीही उरत नाही. थर्मोकोलच्या प्रतिकृतींचे प्रदर्शनही मला त्याच जातीचे वाटते. येथे कुणी म्हणेल की, देवळालीच्या शाळेतले कापरेकर मास्तर हेच तर करीत होते! त्यांची ६१७४ ही संख्या आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच करा. २०२४ घेतली तर ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि मग ६१७४. पुढे ती हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या तेथे येऊन थांबते. पण कापरेकर जादूगार नव्हते. ते शाळामास्तर होते, विद्यापीठाची मोठी पदवी त्यांच्यापाशी नव्हती, आणि तरीही १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, ते चमत्कार दिसल्यावर ‘असे नेहमीच होते का?’ हा प्रश्न त्यांनी सोडला नाही म्हणून. तो प्रश्न गाळून उरलेली ६१७४ नुसती करमणूक होते.

हा ‘नेहमीच’ शब्द मला त्या दिवसाचा खरा विषय वाटत आला आहे. शाळेत मुलांना ‘सिद्ध करा’ असे सांगितले जाते. पण जे डोळ्यांना दिसतेच आहे ते सिद्ध कशाला करायचे, हे कुणी सांगत नाही. समद्विभुज त्रिकोणाचे दोन कोन सारखे दिसतात, मोजले तरी सारखे येतात. मग अर्धे पान लिहायचे ते परीक्षकासाठी! मुलांचे हे म्हणणे मला अगदी रास्त वाटते. म्हणून सिद्धतेची गरज आधी अंगाशी आली पाहिजे, आणि ती येण्यासाठी सकाळचा पहिला प्रश्न मी नेहमी एकच ठेवीत असे.

एक वर्तुळ काढा. त्याच्या परिघावर काही बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंशी रेषेने जोडा. वर्तुळाचे किती भाग झाले? एक बिंदू असेल तर रेषाच नाही, भाग एक. दोन बिंदूंना दोन भाग, तिनांना चार, चारांना आठ. मुले काढत असतात, मोजत असतात. पाच बिंदूंना सोळा भाग येतात आणि वर्गात समाधानाची एक लहर पसरते. आता सहा बिंदूंना किती? सारा वर्ग एका सुरात ‘बत्तीस’ म्हणतो. मी ‘बरे, मोजून पाहा’ एवढेच म्हणतो आणि खिडकीशी जाऊन उभा राहतो.

पुढची वीस मिनिटे फार मोलाची असतात. कुणाचे एकतीस येतात, कुणाचे तीस. एक भाग सुटला म्हणून पुन्हा मोजतात, शेजाऱ्याची आकृती ओढून घेतात, खोडरबराचा खच पडतो. सोबतीला असलेल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना माझी सक्त ताकीद असे की, या वेळात तोंडातून अक्षर काढायचे नाही. हळूहळू एकेक गट येऊन कुजबुजतो, ‘सर, बत्तीस येतच नाहीत.’ तीसवाल्यांचे बिंदू बहुधा अगदी सारख्या अंतरावर असतात. सुसम षटकोनाचे तीन मोठे कर्ण मधोमध एकाच बिंदूत भेटतात आणि तेथला एक छोटा त्रिकोण नाहीसा होतो. तो बिंदू किंचित सरकवला की एकतीस. पण बत्तीस कधीच नाहीत.

का नाहीत, हे नववीच्या मुलाला समजेल इतके सोपे आहे. प्रत्येक नवी जीवा काढताना एक भाग वाढतो, आणि वाटेत ती जितक्या जुन्या जीवांना छेदते तितके आणखी वाढतात. म्हणजे एकूण भाग म्हणजे सुरुवातीचा एक, अधिक जीवांची संख्या, अधिक आतील छेदनबिंदूंची संख्या. आता आतला छेदनबिंदू तयार होतो कशाने? दोन जीवांनी, म्हणजे परिघावरच्या चार बिंदूंनी. आणि कोणत्याही चार बिंदूंपासून असा छेदनबिंदू एकच मिळतो. पाच बिंदूंतून चार निवडायचे म्हणजे एक वगळायचा, म्हणून छेदनबिंदू पाच. जीवा दहा. एक अधिक दहा अधिक पाच, सोळा. सहा बिंदूंतून चार निवडायचे म्हणजे दोन वगळायचे. दोन बिंदू निवडण्याचे जितके प्रकार तितक्याच तर जीवा असतात, म्हणजे पंधरा. म्हणून जीवा पंधरा आणि छेदनबिंदूही पंधरा. एक अधिक पंधरा अधिक पंधरा, एकतीस. एक, दोन, चार, आठ, सोळा ही दुपटीची माळ वर्तुळाच्या मनात नव्हतीच. ती आपल्या मनात होती.

यानंतर मुलांचा स्वभावच पालटतो. पाच वेळा खरे ठरलेले सहाव्यांदा खोटे ठरू शकते, हे त्यांनी स्वतःच्या हाताने अनुभवलेले असते. (वडीलधाऱ्यांनाही हा अनुभव अधूनमधून द्यायला हवा, पण ते असो.) मग दुसरा प्रश्न घेतो, आणि तो आपल्या मराठीच्या तासातला.

लघु अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. ठरावीक मात्रांचा चरण लघु-गुरूंच्या किती निरनिराळ्या रचनांनी भरता येईल? एका मात्रेला एकच रचना: ल. दोन मात्रांना दोन: लल, गा. तीन मात्रांना तीन: ललल, लगा, गाल. चार मात्रांना पाच: लललल, ललगा, लगाल, गालल, गागा. पाच मात्रांना आठ. १, २, ३, ५, ८ लिहून झाल्यावर हुशार मुलांना पुढचा आकडा दिसू लागतो: आधीचे दोन मिळवा, तेरा. पण सकाळी पोळलेला वर्ग आता ताकही फुंकून पितो. ‘तेरा येतील कशावरून? तेथेही एकतीससारखे झाले तर?’ हे वाक्य मुलाच्या तोंडून आले की माझा दिवस सार्थकी लागला असे मी समजत असे.

आणि येथे तसे होत नाही, याचे कारण एका वाक्यात सांगता येते. सहा मात्रांच्या कोणत्याही रचनेचे शेवटचे अक्षर पाहा. ते लघु असेल तर मागे पाच मात्रा उरतात, त्यांच्या रचना आठ. गुरू असेल तर मागे चार मात्रा उरतात, त्यांच्या रचना पाच. तिसरा पर्याय नाही. म्हणून तेरा, आणि याच कारणाने पुढे नेहमीच मागल्या दोहोंची बेरीज. सकाळच्या माळेला असे कारण नव्हते, या माळेला आहे. दिसणे आणि सिद्ध होणे यांतला भेद सांगायला मला याहून चांगली जोडी सापडलेली नाही.

ही माळ जगभर फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. त्याचा सशांचा प्रश्न असलेला ग्रंथ १२०२ चा. त्याच्या सुमारे अर्धशतक आधी, आपल्या याच गुजरातेत, अणहिलवाड पाटणला आचार्य हेमचंद्रांनी ‘छंदोनुशासना’त मात्रावृत्तांच्या संख्येचा हाच नियम सांगितला, आणि त्यांच्याही आधी विरहांक व गोपाल यांना तो माहीत होता. हे मी मुलांना सांगतो ते छाती फुगविण्यासाठी नव्हे. कवितेच्या मात्रा मोजणाऱ्या माणसाला गणिताचा प्रश्न पडला आणि त्याने तो टाळला नाही, हे त्यांना कळावे म्हणून. मराठीतील वृत्तांची शास्त्रशुद्ध मांडणी ‘छंदोरचना’ या ग्रंथात करणारे माधव जूलियन यांचा जन्म १८९४ साली याच बडोद्यात झाला, हेही मी सांगतो. गाव आपले आहे, तेव्हा तेवढा अभिमान चालायला हरकत नाही.

एका वर्षी एका मराठी शाळेतील मुलीने येथे एक प्रश्न विचारला. पादाकुलकाच्या चरणात सोळा मात्रा असतात. वरच्या नियमाने सोळा मात्रांच्या रचना १,५९७ होतात. ती म्हणाली, ‘पण सर, पादाकुलक आठ-आठ मात्रांवर तुटते. आठव्या आणि नवव्या मात्रेवर मिळून एकच गुरू बसला तर चाल मोडेल. त्या रचना वगळायला नकोत का?’ वगळू या म्हटले. आठ मात्रांच्या रचना चौतीस. म्हणून मध्यावर नीट तुटणाऱ्या रचना चौतीस गुणिले चौतीस, म्हणजे १,१५६. उरल्या ४४१. मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘हा एकवीसचा वर्ग आहे.’ आहेच! गुरू मध्यावर बसला की त्याच्या अलीकडे सात मात्रा उरतात आणि पलीकडे सात, आणि सात मात्रांच्या रचना एकवीस. चौतीसचा वर्ग अधिक एकवीसचा वर्ग म्हणजे १,५९७. हे सूत्र पुस्तकांत आहे, पण तिने ते पुस्तकात वाचले नव्हते. कवितेची चाल मोडू नये, या तिच्या आग्रहातून ते निघाले. त्या मुलीला शाळेत गणितात बेताचेच गुण पडत, हे मला तिच्या शिक्षकांकडून नंतर कळले.

दुपारी खिचडी-कढीनंतर डोळे जड होतात, तेव्हा हाताचे काम द्यावे. बुद्धिबळाचा पुठ्ठ्याचा पट घ्यायचा, समोरासमोरचे दोन कोपरे कापून टाकायचे. उरली बासष्ट घरे. एका वेळी शेजारची दोन घरे झाकणाऱ्या एकतीस पट्ट्यांनी हा पट झाकून दाखवा. अर्धा तास खटपट होते, जमत नाही. मग कुणाच्या तरी लक्षात येते की कापलेली दोन्ही घरे एकाच रंगाची होती, आणि प्रत्येक पट्टी एक काळे व एक पांढरे घर झाकते. बत्तीस आणि तीस यांची जोडी कशी लागणार? ‘मला जमले नाही’ आणि ‘हे कुणालाच, कधीच जमणार नाही’ यांत किती अंतर आहे, हे मुले येथे पाहतात. दिवसाला हे तीन प्रश्न पुरतात. पाहुण्या प्राध्यापकांची पाच भाषणे ठेवण्याचा मोह आवरावा.

भाषेविषयी थोडे सांगायलाच हवे. आमच्या त्या वर्गात आपण ज्याला सिद्धता म्हणतो त्याला गुजराती मुले साबिती म्हणत आणि इंग्रजी माध्यमाची मुले प्रूफ. आपली मूळ संख्या त्यांची अविभाज्य संख्या होते, लसावि हा लसाअ होतो. सुरुवातीला मराठी माध्यमाची मुले मागच्या बाकावर गप्प बसत, कारण विद्यापीठात इंग्रजीतच बोलायचे असते असे त्यांना कुणीतरी सांगितलेले असे. म्हणून आम्ही नियम केला की आपले कारण ज्या भाषेत सुचले त्याच भाषेत मांडायचे. समजले नाही तर ऐकणाऱ्याने विचारायचे. एकदा हा धाक गेला की गटागटांत तिन्ही भाषांची सरमिसळ होऊन वाद रंगत, आणि आपले म्हणणे दुसऱ्या भाषेच्या मुलाला पटवून देताना त्यातली फट बोलणाऱ्याच्याच ध्यानात येई.

दुसरा मुद्दा मुलांच्या निवडीचा. शाळा बहुधा पहिले दहा नंबर पाठवतात. एका शाळेने तर ‘आमचे नाव खराब होईल’ म्हणून मधल्या मुलांची नावे आयत्या वेळी खोडली. पहिल्या दहांना या दिवसाची गरज सर्वांत कमी असते. ते कसेही पुढे जातातच. ज्याला पंचावन्न-साठ गुण पडतात, जो प्रश्न विचारतो आणि ज्याची वही अस्वच्छ असते, तो पाठवा. आणि सोबतच्या शिक्षकांनी मागे बसून वर्तमानपत्र वाचू नये. मुलांच्या बाकावर बसून एकतीस मोजावेत. पुढच्या सोमवारी वर्गात हा विषय पुन्हा निघेल की नाही, हे त्यावरच ठरते. एक दिवस तो एकच दिवस असतो. त्याच्या मागेपुढे शाळेत काहीच घडले नाही तर ती सहल ठरते.

येथे मला एक स्मारक आठवते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटणे येथे मठ स्थापन केला. त्याचा शके ११२८ चा, म्हणजे १२०७ च्या सुमाराचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्याचा विषय आहे पैसा: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचे जे उत्पन्न राजाकडे जात होते ते मठाला दिले, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. आपल्या भाषेच्या आरंभीच्या कोरीव लेखांपैकी एक गणिताच्या शिक्षणाचा खर्च कसा भागवावा याविषयी आहे, हे माजी विद्यार्थी मंडळाने ध्यानात घ्यावे, अशी माझी नम्र विनंती. आपल्याला बाजाराचे उत्पन्न नको. तीस मुलांची एक बस, एक वेळची खिचडी आणि रिमभर कोरे कागद एवढाच खर्च आहे. विभागातील तरुण प्राध्यापक मंडळी पुढील डिसेंबरातील एक शनिवार द्यायला तयार आहेत; त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे. या शाळेने नववीच्या दोन्ही तुकड्यांतून नावे द्यावीत, आणि ती गुणपत्रक न पाहता द्यावीत.

समोर बसलेल्या विद्यार्थी मित्रांसाठी एक काम ठेवतो. सहाव्या बिंदूला दुपटीची माळ तुटली. सातव्याला सत्तावन्न भाग होतात, आठव्याला नव्याण्णव. दहा बिंदूंसाठी जीवा आणि छेदनबिंदू मोजा. आकृती काढू नका, कागद फाटेल. वर सांगितलेल्या रीतीनेच जीवा पंचेचाळीस येतील आणि छेदनबिंदू दोनशे दहा. त्यांत सुरुवातीचा एक मिळवा आणि जे उत्तर येईल त्याला दोनाने भागत जा. कुठवर भाग जातो ते उद्या आपल्या बाईंना दाखवा, आणि मग त्यांना विचारा की माळ पुन्हा जुळली असे म्हणायचे का.